आई-बाबांना ‘लिबर्टी’ दाखवायला नेताना: तिकिटापासून परतीच्या बोटीपर्यंत

न्यूयॉर्क-न्यूजर्सीत नवं बिऱ्हाड थाटलं की वर्षभरात भारतातून आई-बाबा येतात. त्यांची झोपेची वेळ इथल्या घड्याळाशी जुळली की पहिल्याच मोकळ्या शनिवारी स्टॅच्यू ऑफ लिबर्टीला जायचं ठरतं. ही सहल बहुतेकांची एकाच पद्धतीनं फसते. घरातून निघायलाच अकरा वाजतात, रांगेत पाय दुखायला लागतात, बेटावर पुतळ्याकडे पाठ करून फोटो निघतात, फ्रेंच फ्राइज खाल्ल्या जातात आणि सगळे दमून घरी येतात. रात्री जेवताना बाबा विचारतात, ‘पण फ्रेंचांनी अमेरिकेला एवढा मोठा पुतळा दिला कशासाठी?’ आणि आपण मोबाइल उघडतो.

इथे तिकीट, बोट, डबा हे सगळं क्रमानं सांगतो. पण पुतळ्यापाशी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण बोटीची माहिती बोटीवाले देतात. काय बघायचं ते मात्र आपलं आपल्यालाच ठरवावं लागतं.

आधी ठरवा, कुठपर्यंत चढायचं

बेटावर जायला वेगळं प्रवेशशुल्क नाही. पैसे पडतात ते बोटीचे: मोठ्या माणसाला साधारण २५ डॉलर, ६२ वर्षांपुढच्यांना आणि ४ ते १२ वर्षांच्या मुलांना कमी, त्याहून लहानांना काही नाही. त्याच तिकिटावर लिबर्टी बेट, एलिस बेट (परदेशातून येणाऱ्यांची एकेकाळी जिथे तपासणी व्हायची ते शेजारचं बेट), दोन्हीकडची संग्रहालयं आणि ऑडिओ गाइड मिळतं.

तिकिटं तीन तऱ्हेची असतात. साध्या तिकिटावर बेटभर हिंडता येतं, पुतळ्याच्या आत शिरता येत नाही. दुसरं पेडेस्टलचं, म्हणजे चौथऱ्याचं. त्यावर आत जाऊन चौथऱ्याच्या माथ्यापर्यंत पोचता येतं आणि तिथवर लिफ्ट आहे. तिसरं क्राउनचं, म्हणजे थेट मुकुटापर्यंतचं. दुसऱ्या-तिसऱ्या तिकिटाचा दर पहिल्यापेक्षा जेमतेम काही सेंटनी जास्त, पण ती मोजकीच निघतात. मुकुटाची तर उन्हाळ्यात कित्येक आठवडे आधी संपलेली असतात.

माझा सल्ला सरळ आहे. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर चौथऱ्याचं तिकीट काढा आणि मुकुटाचा नाद सोडा. चौथऱ्याच्या माथ्यापासून मुकुटापर्यंत १६२ पायऱ्या आहेत, अरुंद आणि गोल फिरत जाणाऱ्या. तिथे लिफ्ट नाही, वातानुकूलन नाही. उन्हाळ्यात तांब्याच्या त्या पोकळ अंगात चांगलंच उकडतं, आणि मागे रांग असल्यानं मध्येच बसकण मारता येत नाही. वर २५ छोट्या खिडक्या आहेत, त्यांतून बंदर दिसतं. पुतळा अर्थातच दिसत नाही, आपण त्याच्या डोक्यात असतो! गुडघे शाबूत असतील, बंद जागेची धास्ती नसेल आणि घरात उत्साही पोरं असतील तर जरूर जा. मुलांची उंची मात्र किमान ४२ इंच, म्हणजे साडेतीन फूट हवी. मुकुटाच्या तिकिटाला ओळखपत्र लागतं. पाहुण्यांचे पासपोर्ट बरोबर ठेवा.

‘मशालीपर्यंत जाता येतं का?’ हा प्रश्न प्रत्येक कुटुंबात कुणीतरी विचारतंच. नाही. ती वाट १९१६ पासून बंद आहे. त्याची गोष्ट पुढे येईल.

तिकीट आधीच ऑनलाइन काढा, आणि ते स्टॅच्यू सिटी क्रूझेसचंच काढा. बेटावर लोकांना उतरवायचा परवाना फक्त त्यांच्याकडे आहे. मॅनहॅटनच्या बॅटरी पार्कभोवती रंगीत जाकिटं घातलेले, गळ्यात बिल्ले अडकवलेले विक्रेते तुम्हाला रस्त्यातच गाठतात. ‘स्टॅच्यू टूर, नो लाइन’ म्हणतात. त्यातल्या बऱ्याच बोटी पुतळ्यासमोरून नुसता फेरा मारून परत येतात, बेटाला लागतच नाहीत. भाव मात्र जास्त. ज्यांच्या हातात पासपोर्टची पिशवी आणि डोक्यावर नवी कोरी टोपी दिसते, त्यांना हे लोक लांबून हेरतात. मान हलवायची आणि पुढे चालू लागायचं.

कुठल्या किनाऱ्यावरून निघायचं

बोटी दोन ठिकाणांहून सुटतात: मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाच्या बॅटरी पार्कातून आणि जर्सी सिटीच्या लिबर्टी स्टेट पार्कातून. न्यूजर्सीत राहणारी आपली माणसं सवयीनं मॅनहॅटन गाठतात. गाडी असेल तर तसं करू नका. लिबर्टी स्टेट पार्कात पैसे देऊन गाडी लावता येते, गर्दी कमी असते आणि बोटीचा धक्का जुन्या सेंट्रल रेलरोडच्या स्थानकाला लागूनच आहे. ते ओस पडलेलं स्थानकही पाच मिनिटं आत जाऊन बघा. एलिस बेटावर उतरलेले लाखो लोक इथूनच गाडी पकडून देशभर पांगले. गाडी नसेल तर मात्र ही बाजू गैरसोयीची. लाइट रेलचं स्थानक धक्क्यापासून इतकं दूर आहे की आई-बाबांची अर्धी ताकद तिथेच संपेल.

एडिसन, आयझलिन भागातून गाडीविना यायचं तर एनजे ट्रान्झिटच्या गाडीनं नेवार्क पेन स्थानक, तिथून पाथ या दुसऱ्या रेल्वेनं वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि पुढे पंधरा-वीस मिनिटं दक्षिणेला चालत बॅटरी पार्क. मॅनहॅटनमधून येणाऱ्यांना सबवेच्या १ नंबरचं साउथ फेरी, ४ आणि ५ चं बोलिंग ग्रीन किंवा आर-डब्ल्यूचं व्हाइटहॉल स्ट्रीट ही तिन्ही स्थानकं जवळची.

बॅटरीहून निघालेली बोट आधी लिबर्टी बेटाला लागते, मग एलिसला. न्यूजर्सीहून निघालेली आधी एलिसला. आणखी एक: तिकिटावर छापलेली वेळ सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभं राहण्याची असते, बोट सुटण्याची नव्हे.

पहिलीच बोट का

पहिल्या बोटी सकाळी नऊच्या सुमारास सुटतात. हंगामाप्रमाणे वेळ थोडी बदलते. थँक्सगिव्हिंग आणि २५ डिसेंबर, हे दोन दिवस सगळं बंद. लवकर जाण्याचं एक कारण गर्दी, ते सगळेच सांगतात. दुसरं कारण उजेडाचं. पुतळ्याचं तोंड आग्नेयेला आहे, त्यामुळे सकाळचं ऊन सरळ चेहऱ्यावर येतं. दुपार कलली की सूर्य पुतळ्याच्या मागे जातो आणि फोटोत नुसता काळा आकार उरतो.

तपासणी विमानतळासारखी. पट्टे, नाणी, मोबाइल ट्रेमध्ये. आईच्या पर्समध्ये फळं कापायची छोटी सुरी असतेच, ती घरीच काढून ठेवा. मोठ्या बॅगा, सूटकेस चालत नाहीत. चौथऱ्यात शिरताना पुन्हा एकदा तपासणी होते आणि पिशव्या लॉकरमध्ये ठेवाव्या लागतात. औषधं, पाण्याची बाटली आणि मोबाइल हातात घेतला की पुरे.

डबा न्या. बेटावर उपाहारगृह आहे, पण शाकाहारी माणसाची तिथे पिझ्झा आणि बटाट्यावर बोळवण होते. दशम्या, चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या, केळी असं काही घेतलं की हिरवळीवर बसून छान जेवण होतं. आत, म्हणजे पुतळ्यात आणि संग्रहालयात, खाणं चालत नाही. सीगल पक्ष्यांपासून पुऱ्या सांभाळा. आणि एप्रिल असला तरी स्वेटर घ्या. बोटीच्या वरच्या मजल्यावर वारा कानात शिरतो.

बॅटरीहून निघालात तर बोटीत उजव्या बाजूला उभे राहा. पुतळा त्या बाजूनं जवळ येत जातो.

खालून वर बघायला सुरुवात करा

बेटावर उतरल्यावर लोक धावत समोरच्या मोकळ्या जागेत जातात आणि मान वर करतात. जमिनीपासून मशालीच्या टोकापर्यंत ९३ मीटर उंची आहे, त्यातला पुतळा ४६ मीटरचा. पण तुम्ही आधी खाली बघा. चौथऱ्याखालचा दगडी तट अकरा टोकांच्या चांदणीच्या आकाराचा आहे. तो फोर्ट वुड, बंदराच्या रक्षणासाठी पुतळ्याच्या कितीतरी आधी बांधलेला किल्ला. तोफा बाहेर रोखण्यासाठी बांधलेल्या तटावर येणाऱ्या बोटींना दिवा दाखवणारी बाई उभी केली. किल्ले चढून गुडघे झिजवलेल्या मराठी माणसाला हा तट बघून नक्की बरं वाटेल.

त्यावरचा चौथरा अमेरिकेनं बांधायचा, पुतळा फ्रान्सनं द्यायचा, असं ठरलं होतं. फ्रान्समध्ये लोकवर्गणी जमली. अमेरिकेत घोडं अडलं. १८८५ मध्ये पुतळा सुट्या भागांत पेट्यांत भरून न्यूयॉर्कला पोचला तेव्हा चौथराच पुरा झाला नव्हता. तेव्हा ‘द वर्ल्ड’ या वर्तमानपत्राचे मालक जोसेफ पुलित्झर यांनी वर्गणीची हाक दिली आणि कबूल केलं की एक सेंट देणाऱ्याचंही नाव छापीन. पाच महिन्यांत एक लाख डॉलरच्या वर रक्कम जमली. देणारे सव्वा लाखाच्या आसपास, आणि बहुतेकांनी एक डॉलरपेक्षा कमी दिलेलं. वर्तमानपत्राचा खपही त्यात वाढला हे सांगायला नकोच. मंडळाची वर्गणी गोळा करत फिरलेल्या बाबांना ही गोष्ट आवर्जून सांगा. त्यांना पुढचं काही सांगायची गरज उरणार नाही.

आता पुतळ्याचं अंग. ते तांब्याचं आहे, ओतीव नव्हे. २.४ मिलिमीटर जाडीचे पत्रे लाकडी साच्यांवर ठोकून ठोकून आकाराला आणले. पुण्याच्या तांबट आळीत बंबावर हातोडी पडते ना, जातकुळी तीच. फक्त इथे कुणाची तरी नाकपुडी घडत होती. शिल्पकार फ्रेडरिक ओग्युस्त बार्थोल्डी. आतला लोखंडी सांगाडा गुस्ताव आयफेल यांचा, पॅरिसमधल्या मनोऱ्याच्या आधीचा. पत्रा सांगाड्याला घट्ट जखडलेला नाही. उन्हात तांबं फुगावं, वाऱ्यात अंग किंचित डोलावं अशी सोय ठेवली आहे.

मूळ रंग आपल्या घागरीसारखाच तांबूस होता. समुद्राच्या हवेनं तो तीसेक वर्षांत हिरवा झाला. हा हिरवा थर खालच्या तांब्याला सांभाळतो, म्हणून तो घासून काढत नाहीत. ‘एवढ्या श्रीमंत देशाला पितांबरी परवडत नाही का?’ असं विचारणाऱ्या काकू तुमच्याबरोबर असतील तर उत्तर तयार ठेवा. खरी झीज आत झाली होती. तांबं आणि लोखंड खाऱ्या हवेत एकमेकांना भिडले की लोखंड गंजतं. १९८४ ते १९८६ च्या दुरुस्तीत पत्र्याला धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या बसवल्या.

पाय, पाटी, मुकुट, मशाल

या पुतळ्याचा अर्थ समजून घ्यायचा असेल तर पायांकडे बघायला हवं, आणि नेमके तेच खालून धड दिसत नाहीत. तरी बाजूनं, थोडं मागे जाऊन बघा. उजव्या पायाची टाच उचललेली आहे. ती उभी नाही, चालते आहे. आणि पायांशी तुटलेली साखळी आहे.

ही साखळी कुठून आली? पुतळ्याची कल्पना एदुआर लाबुले या फ्रेंच कायदेपंडिताची. ते गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं, गुलामगिरी कायद्यानं गेली, आणि त्या आनंदातून ही भेट सुचली. फ्रान्समध्ये तेव्हा सम्राटाचं राज्य होतं. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं कौतुक करताना घरच्या बादशहाला टोमणाही बसत होता. बार्थोल्डीच्या सुरुवातीच्या एका नमुन्यात तुटकी साखळी पुतळ्याच्या हातात होती. पुढे हातात पाटी आली आणि साखळी पायाशी, झग्याच्या घोळात गेली. अमेरिकेतल्या पैसेवाल्यांना गुलामगिरीची आठवण इतकी समोर नको होती, असं बरेच अभ्यासक मानतात. मला ते पटण्यासारखं वाटतं. वर्गणी ज्यांच्याकडून घ्यायची, त्यांच्या डोळ्यांसमोर काय येईल याचा विचार सगळीकडेच होतो.

पाटीवर रोमन आकड्यांत ४ जुलै १७७६ ही तारीख कोरली आहे, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची. मुकुटाचे सात किरण म्हणजे सात खंड आणि सात समुद्र, असं सर्रास सांगतात. देवतेच्या डोक्यामागे प्रभावळ असते तसं तेजोवलय म्हणून बघितलं तरी चालेल. पुतळ्याचं पूर्ण नाव ‘लिबर्टी एनलायटनिंग द वर्ल्ड’, जगाला उजेड दाखवणारी स्वातंत्र्यदेवता.

बार्थोल्डीनं दिवा धरलेल्या बाईची कल्पना आधी दुसऱ्याच ठिकाणासाठी मांडली होती. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला तेव्हा त्याच्या तोंडाशी मशाल घेतलेल्या इजिप्शियन शेतकरी बाईचा दीपस्तंभ उभारावा, असा त्याचा प्रस्ताव होता. इजिप्तच्या खेदिवाला, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याला, तो परवडला नाही. परवडला असता तर मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या आपल्या पिढ्यांनी तिला बोटीच्या कठड्यावरून बघितलं असतं.

मशालीची गोष्ट बंदराच्या अलीकडच्या काठावर घडली. ३० जुलै १९१६ च्या पहाटे, आज जिथे लिबर्टी स्टेट पार्क आहे तिथल्या ब्लॅक टॉम नावाच्या दारूगोळ्याच्या साठ्यात जर्मन हस्तकांनी स्फोट घडवला. पहिलं महायुद्ध चालू होतं आणि तो माल जर्मनीच्या शत्रूंकडे जायचा होता. स्फोटानं पुतळ्याच्या उजव्या हाताला इजा झाली. तेव्हापासून हातातून मशालीकडे जाणारा जिना लोकांना बंद. आता वर दिसते ती मशाल १९८६ मधली, तिच्या ज्योतीवर सोन्याचा वर्ख आहे. जुनी मशाल बेटावरच्या संग्रहालयात ठेवली आहे. हे संग्रहालय २०१९ मध्ये उघडलं आणि त्याला वेगळं तिकीट नाही. लोक ते चुकवतात. तुम्ही चुकवू नका. तिथे पुतळ्याच्या चेहऱ्याची आणि पायाची पूर्ण आकाराची तांब्याची प्रतिकृती आहे. हात लावून बघता येते. ज्यांना मुकुट चढायचा नाही त्यांना पुतळ्याच्या आकाराची खरी कल्पना इथे येते.

मुलं असतील तर माहिती केंद्रात ज्युनिअर रेंजरची पुस्तिका मागा. फुकट असते, ती भरून दिली की बिल्ला मिळतो, आणि तोवर तुम्हाला निवांत बसता येतं.

ही बाई कुणाची?

पुतळ्याचं उद्घाटन २८ ऑक्टोबर १८८६ ला राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्या हस्ते झालं. स्वातंत्र्याला बाईचं रूप दिलं, पण बेटावरच्या समारंभाला बायका जवळजवळ नव्हत्याच. मतदानाचा हक्क मागणाऱ्या स्त्रियांनी भाड्यानं बोट घेतली आणि बंदरात फिरत निषेध केला: जिला मतच देता येत नाही तिचा पुतळा कसला उभारता? त्याच महिन्यात डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेहून परतीच्या प्रवासाला निघाल्या होत्या. फिलाडेल्फियातून वैद्यकीची पदवी घेतलेली ही कल्याणची मुलगी १८८३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली तेव्हा बंदरात पुतळा नव्हता. निघाली तेव्हा तो जवळजवळ पुरा होत आला होता. अमेरिकन बायकांना देशभर मताचा हक्क मिळायला १९२० उजाडलं.

आणखी एक विसंगती. पुतळा म्हणजे परदेशातून येणाऱ्यांचं स्वागत, हा अर्थ सुरुवातीला कुणाच्या मनातही नव्हता. चौथऱ्याच्या वर्गणीसाठी एमा लाझारस या कवयित्रीनं १८८३ मध्ये एक सुनीत लिहिलं, त्यात तो पहिल्यांदा आला. त्याची पाटी पुतळ्यात लागली १९०३ मध्ये, त्या वारल्यानंतर सोळा वर्षांनी. दरम्यान १८९२ मध्ये शेजारच्या एलिस बेटावर तपासणी केंद्र उघडलं होतं आणि बोटी भरभरून युरोपातली गरीब माणसं या पुतळ्यासमोरून जाऊ लागली होती. अर्थ पुतळ्याला त्या माणसांनी दिला.

युरोपातली, हा शब्द महत्त्वाचा. चिनी मजुरांना दार बंद करणारा कायदा १८८२ मध्येच झाला होता, पुतळ्याच्या चार वर्षं आधी. १९१७ च्या कायद्यानं हिंदुस्थानासकट आशियाचा मोठा पट्टाच वगळला. त्याच्या आधी, १९१३ च्या जुलैत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला उतरले. बंदरात येणाऱ्या बोटी या पुतळ्यावरूनच जात. पण विद्यार्थी म्हणून येणं वेगळं आणि घर करायला येणं वेगळं. १९४६ मध्ये भारतासाठी दार किलकिलं झालं, तेही किती? वर्षाला फक्त १०० माणसं.

आणि मग ३ ऑक्टोबर १९६५. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन याच बेटावर आले आणि पुतळ्याच्या पायाशी, उघड्यावर टेबल मांडून, देशावार कोटा रद्द करणाऱ्या स्थलांतर कायद्यावर त्यांनी सही केली. भारतातून डॉक्टर, इंजिनिअर, शास्त्रज्ञ कुटुंबासकट येऊ लागले ते या सहीनंतर. तुमच्या कंपनीतले साठी ओलांडलेले मराठी साहेब, गणपतीला ढोल वाजवणारं मंडळ, तुमचा व्हिसा आणि आई-बाबांचं हे येणं, या सगळ्याची वाट इथून जाते. जॉन्सन त्या भाषणात म्हणाले होते की हा काही क्रांतिकारक कायदा नाही. शनिवारी संध्याकाळी एडिसनच्या, भारतीय दुकानांनी गजबजलेल्या ओक ट्री रोडवर पार्किंग शोधताना मला हे वाक्य हमखास आठवतं.

म्हणून पाहुण्यांना घेऊन गेलो की समोरच्या गर्दीत फोटो झाल्यावर मी त्यांना पुतळ्याच्या पायथ्याशी एक फेरी मारायला लावतो आणि ही तारीख सांगतो. बाहेरची पाटी वाचून हे कळत नाही, आणि आपल्यासाठी या बेटावर यापेक्षा जवळची गोष्ट दुसरी नाही.

एलिस बेट: दमला असाल तरी

बरेच जण इथे बोटीतूनच ‘हे काय आहे?’ म्हणत पुढे जातात. किमान तासभर द्या. १८९२ ते १९५४ या काळात सव्वा कोटीच्या आसपास लोक इथून अमेरिकेत आले. वरच्या मजल्यावरचं भव्य नोंदणी दालन बघा. बाकांवर बसून रांगेची वाट बघणाऱ्यांची कल्पना करायला तिथे काही कष्ट पडत नाहीत. पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशांची तपासणी बोटीवरच उरकायची, इथे आणत ते तिसऱ्या वर्गाच्यांना. डॉक्टर चालत्या माणसाकडे काही सेकंद बघत आणि संशय आला की कोटावर खडूनं अक्षर काढत. व्हिसाच्या मुलाखतीत घाम फुटलेल्यांना हे लगेच कळेल.

आपली माणसं त्या नोंदवह्यांत फारशी सापडणार नाहीत. त्या काळात आलेले हिंदी लोक मुख्यतः पॅसिफिक किनाऱ्यावर उतरले. १९५४ नंतरच्या स्थलांतराचं दालन मात्र २०१५ पासून इथे आहे. वेळ थोडाच असेल तर नोंदणी दालन आणि हे, एवढंच करा.

जाता जाता न्यूजर्सीकरांसाठी एक शिलकीतला मुद्दा. एलिस बेट कुणाचं यावरून दोन राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९९८ मध्ये बेटाचा मोठा भाग न्यूजर्सीचा ठरला. न्यूयॉर्कच्या मित्रांना हे जेवताना ऐकवा.

परतीची बोट, आणि वेळच नसेल तर

परतताना एकच काळजी घ्या. दोन्ही बेटांवरून न्यूयॉर्कच्या आणि न्यूजर्सीच्या बोटी वेगवेगळ्या सुटतात, आणि थकलेली माणसं समोर रांग दिसली की तिच्यात उभी राहतात. गाडी जर्सी सिटीत आणि तुम्ही मॅनहॅटनच्या धक्क्यावर, असं व्हायचं नसेल तर चढण्यापूर्वी फलक वाचा आणि कर्मचाऱ्याला विचारा. शेवटच्या बोटीवर भरवसा ठेवू नका. तिच्या आधीची पकडायची असं ठरवूनच एलिसवर उतरा. दुपारी दोननंतर निघालात तर दोन्ही बेटं होणार नाहीत हे धरून चाला.

ज्यांच्याकडे एकच संध्याकाळ आहे, किंवा ज्यांना रांगा आणि चालणं अजिबात झेपणार नाही, त्यांच्यासाठी स्टेटन आयलंड फेरी आहे. बॅटरीच्या शेजारच्या व्हाइटहॉल टर्मिनलवरून केशरी रंगाच्या बोटी रात्रंदिवस सुटतात, तिकीट नाही, तपासणीची रांग नाही, पंचवीस मिनिटांचा प्रवास. जाताना उजव्या बाजूला आणि येताना डाव्या बाजूला उभं राहा, पुतळा थोड्या अंतरावरून दिसतो. पलीकडे पोचल्यावर सगळ्यांना उतरावंच लागतं. वळसा घालून परत त्याच दालनात यायचं आणि पुढच्या बोटीत बसायचं. सूर्यास्ताच्या तासभर आधीची बोट धरली तर येताना मॅनहॅटनचे दिवे लागलेले असतात. घाईच्या वेळी मात्र ही नोकरदारांची बोट आहे, दारात उभं राहून सेल्फी काढणाऱ्यांवर तिथले लोक लोकलच्या डब्यातल्याइतकेच खेकसतात.